ओसरीपर्यंत आलेलं ऊन

नाशिकजवळच्या देवळालीत लॅम रोडवरचे कितीतरी जुने बंगले आजारी माणसांसाठी बांधले गेले, हे आमच्या पिढीला न सांगता माहीत होतं. आताच्या मुलांना ते सांगावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत छाती धरलेला माणूस देवळालीला आणायचा, इथल्या कोरड्या हवेत ठेवायचा आणि वाट पाहायची. क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा, आणि ते साध्या माणसाच्या आवाक्यात यायला पुढे आणखी काही वर्षं गेली. तोवर ऊन, वारा आणि विश्रांती हाच उपचार. डॅनिश डॉक्टर नील्स फिन्सन यांना १९०३ साली नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल. अशा काळात पारशी आणि गुजराती दानशूरांनी देवळाली कॅम्पात सॅनेटोरियमं उभी केली. रुंद व्हरांडे, उंच छत, छताशी झरोके, लाकडी जाळ्या. बांधणाऱ्याने कागदावर आधी आजाऱ्याची खाट मांडली असावी आणि मग तिच्याभोवती घर आखलं असावं, असं त्या व्हरांड्यांत उभं राहिलं की आजही वाटतं.

आता कागदावर खाट नसते, आकडे असतात. प्लॉटची हद्द, चहूबाजूंनी सोडायची जागा, किती घरं बसवायची, हाती पैसा किती, उभी झाडं कुठे, हे सगळं वास्तुविशारद संगणकाला देतो. संगणक रातोरात हजारो आराखडे मांडतो आणि प्रत्येकाला गुण देतो. बांधायला खर्च किती, खिडक्यांतून ऊन किती, आणि पर्यावरणाचं मोल किती. म्हणजे सिमेंट-सळईपायी हवेत कार्बन किती गेला, झाडं किती वाचली, पावसाचं पाणी जमिनीत किती मुरलं. याला जनरेटिव्ह डिझाइन म्हणतात. कमी गुणांचे आराखडे गाळायचे, चांगल्या दोघांची लक्षणं एकत्र करून तिसरा घडवायचा, मध्येच एखादी भिंत सरकवून बघायची, पुन्हा गुण द्यायचे. उत्क्रांतीची ही रीत संगणकाला शिकवायची कल्पना जॉन हॉलंड यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात मांडली. एकाच वेळी अनेक उद्दिष्टं सांभाळणारी तिची आज जगभर वापरली जाणारी तऱ्हा मात्र आपल्याकडची. कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती घडवली आणि २००२ साली प्रसिद्ध केली. मला याचा अभिमान वाटतो. २०२१च्या आवृत्तीपासून रेव्हिटसारख्या रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आली आहे. म्हणजे ती आता दूरदेशीची गोष्ट राहिलेली नाही.

आमच्या वेळी घर बांधणं म्हणजे आधी प्लॉटवर जाऊन बसणं. संसरीकडे किंवा भगूरच्या रस्त्याला तुकडा घेतला, की घरातला कर्ता माणूस सकाळी, दुपारी, दिवेलागणीला तिथे चक्कर मारी. वारा कुठून येतो, शेजारच्या चिंचेची सावली कुठवर सरकते, पावसाचं पाणी कुठून कुठे धावतं, हे बघून ठेवी. ज्याला धीर होता तो एक हिवाळा आणि एक उन्हाळा बघून मगच पाया खणे. जुन्या जाणत्या गवंड्यांना शंकू लावून दिशा काढता येत. सपाट केलेल्या जमिनीवर वर्तुळ काढायचं, मधोमध खुंटी ठोकायची. सकाळी खुंटीच्या सावलीचं टोक वर्तुळात शिरेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा हाती येते. शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली ही रीत, आणि तिला लागते फक्त एक काठी आणि एक दिवस. पुढे गुरुजी लांबी-रुंदीच्या गुणाकाराला ८ने भागून बाकी बघत. १ उरली तर ध्वजाय, ३ उरली तर सिंहाय, शुभ. २ उरली तर धूम, आणि भिंत वीतभर सरकवावी लागे. आकड्यावरून घर ठरवायची हौस आम्हालाही होतीच. त्या आकड्याला मात्र उन्हाची खबर नव्हती आणि पैशाचीही नव्हती.

मग यायची चुन्याची फक्की. हा सगळ्यात सुंदर दिवस. जमिनीवर पांढऱ्या रेघांनी घर उमटे, खऱ्या मापाचं, आणि सगळं कुटुंब त्या रेघांत शिरून हिंडे. “वहिनी, ओटा इथं येईल बघा,” मिस्त्री सांगत आणि वहिनी मोकळ्या माळावर उभ्या राहून समोर हात लांबवून बघत. “माझी खाट कुठं रे?” आजी विचारी. दाराच्या जागी सोडलेल्या फटीतूनच मुलं आत-बाहेर करत, रेघ ओलांडली तर एकमेकांना ओरडत. “एवढीशी मोरी? दोन बादल्या तरी मावतील का?” असं कुणी म्हणालं की वाद पेटे. वाद संपला की मिस्त्री पायाने रेघ पुसत आणि फक्कीची नवी रेघ ओढत. घर बदलायला इतकं सोपं त्यानंतर कधीच नसे.

परदेशात याच्या जागी काय आलं ते बघण्यासारखं आहे. नेदरलँड्समधल्या आल्कमार गावी व्हॅन वाइनेन या बांधकाम कंपनीसाठी ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘द लिव्हिंग’ या गटाने एका वस्तीची मांडणी अशी संगणकाकडून करून घेतली. तिच्यावरचा शोधनिबंध २०१८ साली आला. तराजूच्या एका पारड्यात पैशाचं गणित होतं, दुसऱ्यात छपरांवर मिळू शकणारी सौरऊर्जा. त्याआधी याच गटाने ऑटोडेस्कच्या टोरांटोच्या कार्यालयाची आखणी केली होती. तिथे १०,०००च्या घरात पर्याय तपासले गेले आणि उद्दिष्टं ६ होती. खिडकीतला उजेड आणि बाहेरचं दृश्य ही त्यांतली दोन. या टोरांटोच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आराखडा करायच्या आधी तिथे काम करणाऱ्यांना विचारलं गेलं: कुणाजवळ बसायला आवडेल, कसं काम करायला आवडतं. त्यांची उत्तरं गुणांमध्ये धरली गेली.

हे वाचल्यावर चुन्याच्या रेघांकडे वळून बघावं लागतं. तिथे कुणाचं ऐकलं जाई? कर्त्या पुरुषाचं आणि आजीचं. वहिनींना ओट्याची जागा दाखवली जाई, क्वचितच विचारली जाई. नव्या सुनेला तेही नाही. बंगल्याच्या मागे आउटहाउस असे, एका खिडकीचं, पश्चिमेच्या उन्हात भाजणारं. त्यात माळी आणि खानसामा आपापल्या बिऱ्हाडासह राहत. त्यांच्यासाठी कुणी शंकू लावला नाही. पुढच्या व्हरांड्यात शेठजींच्या फुप्फुसांसाठी हवा खेळवली आणि मागच्या खोलीत चुलीचा धूर कोंडला. मैला वाहणाऱ्या माणसांसाठी मागच्या गल्लीत वेगळं दार असे, आणि त्या दाराचीच आम्हाला सोय वाटे. जुन्या देवळालीबद्दल हळवं होताना हे दार विसरता येत नाही. विसरू नयेच.

बांधकामही काही आदर्श नव्हतं. मंगलोरी कौलं देखणी खरी, पण मे संपता संपता छपरावर चढून ती चाळावी लागत. तरी पहिल्या जोराच्या सरीला घरभर पातेली मांडलेली असतच. वीटभट्टीत किती लाकूड जळलं, तुळईसाठी कुठल्या जंगलातला साग आला, हे कुणी मोजलं नाही. खर्चाचा अंदाज फुटामागे दर धरून, आणि तो दर बहुधा कुणा मेव्हण्याच्या घराचा. पैसे संपले की काम थांबे. गच्चीवर सळया उभ्याच ठेवायच्या, “पुढेमागे वर खोल्या चढवू” म्हणून. त्या सळया गंजत गेल्या आणि पुष्कळ घरांत पुढेमागे कधी आलंच नाही.

शिवाय सिमेंट परमिटवर मिळे. आमच्या घरांचे आकार किती वेळा उन्हाने ठरले आणि किती वेळा हाती आलेल्या पोत्यांनी, याचा प्रामाणिक हिशोब मांडला तर पोतीच जिंकतील. सिमेंटच्या वाटपावरून १९८२च्या जानेवारीत अ. र. अंतुले यांना महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्याआधी ज्यांनी घरं बांधली त्यांच्या खिडक्यांवरचे छज्जे आखूड आहेत. छज्जा आखूड राहिला की एप्रिलचं ऊन आत येतं. आज ती घरं कूलरवर आणि एसीवर जगतात.

आता हा सगळा हिशोब क्षणात होतो, आणि तो व्हायलाच हवा. जगात हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. आमच्यापासून काही मैलांवर एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळून उरणाऱ्या राखेपासून विटा आणि हलके ब्लॉक बनतात. भाजक्या विटेऐवजी ते वापरले तर खर्च, भिंतीतून आत येणारी उष्णता आणि कार्बन या तिन्हींत काय फरक पडतो, ते संगणक बसल्या जागी दाखवतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने तर घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादाच घातली आहे: दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅट. मिस्त्रींना हे “भिंत तापते” इतकंच माहीत होतं. माहीत असणं आणि मोजता येणं यांत फरक आहे, आणि मोजता येण्याच्या बाजूने मी उभा आहे.

तरी देवळालीच्या उन्हाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आकड्यांत सहज निसटते. अशी बरीच साधनं उत्तरेकडच्या देशांत घडली. आज ऑटोडेस्कच्या मालकीचं असलेलं स्पेसमेकर मूळ ऑस्लोचं. ऑस्लोत डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ६-७ अंश वर येतो. तिथल्या माणसाला ऊन जितकं मिळेल तितकं हवंच असतं. आमच्याकडे तसं नाही. आम्हाला पौषातलं ऊन हवं, वैशाखातलं नको. ‘ऊन जास्त म्हणजे गुण जास्त’ असं संगणकाला सांगून मोकळं झालो, तर तो देवळालीत तंदूर बांधून देईल आणि त्याला पैकीच्या पैकी गुणही देईल.

जुन्या व्हरांड्याला हे न सांगता कळत होतं. देवळाली सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीला, म्हणजे घड्याळात साधारण साडेबाराच्या पुढे, सूर्य दक्षिणेला ४६-४७ अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या व्हरांड्याची पागोळी ८ फुटांवर असेल तर तिच्याखालून ऊन साडेसात फूट आत येतं, थेट भिंतीला टेकलेल्या खाटेपर्यंत. मार्चच्या शेवटाला तेच ऊन ३ फुटांत थबकतं. २०-२१ मेच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेच्या व्हरांड्यात त्याचं पाऊलही पडत नाही. एकाच छपराने हिवाळ्यात ऊन घरात घेतलं आणि उन्हाळ्यात दाराबाहेर ठेवलं. हा नियम संगणकालाही सांगता येतो: या महिन्यांतल्या उन्हाला गुण, त्या महिन्यांतल्या उन्हाला दंड. फक्त कुणीतरी तो सांगायला हवा. ज्याने इथल्या व्हरांड्यात हिवाळा काढला आहे, त्यालाच तो सांगायचं सुचतं.

त्या व्हरांड्यातलं आमचं आयुष्य उन्हाच्या मागेमागे चाले. दिवाळी सरली की आजीची खुर्ची भिंतीकडे सरके, होळीनंतर पुन्हा सावलीकडे. ऊन तिसऱ्या फरशीवर आलं की शाळेची वेळ. घड्याळ बंद पडलं तरी फरशी बंद पडत नसे. पावसाळ्यात ओल धरलेल्या गोधड्या आश्विनात कठड्यावर पडत आणि त्यांना उन्हाचा वास लागे. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया आणि सांडगे, आणि त्यांच्या राखणीला काठी घेतलेलं एक पोर. लष्कराच्या दूरच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरत. नवे पाहुणे दचकत, आम्ही चहा ओतत राहत असू. कुठल्या खोलीत काचा जास्त वाजतात हे आम्हाला पाठ होतं. आजाऱ्याला आणि तान्ह्याला त्या खोलीत निजवत नसत.

नव्या इमारतींत ऊन येतं, पुष्कळदा आमच्या घरांपेक्षा जास्त. भिंती कोरड्या आहेत, संडास घरात आहेत, मैला वाहणाऱ्यांसाठीचं मागचं दार नाही. लिफ्टमुळे गुडघे दुखणारी आजी वरच्या मजल्यावरही राहू शकते. फक्त उन्हाप्रमाणे जागा बदलत राहायची सवय गेली, कारण प्रत्येक खोलीचं काम आधीच ठरलेलं असतं आणि पलंग भिंतीत बसवलेला असतो. गोधडी ड्रायरमध्ये वाळते. ती वाळते हे खरंच. तिला वास मात्र लागत नाही.

झाडांचंही असंच. आम्ही झाडांवर माया करायचो आणि गरज पडली की तोडायचोही, कुणाला हिशोब न देता. पाया आडवा आला तर कडुलिंब गेला. कुणी हळहळलं, कुणी लाकूड वाटून घेतलं. आज महाराष्ट्राच्या नागरी भागांतल्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला आहे, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणजे झाडाला पहिल्यांदा आकडा मिळाला. आकड्यात झाड मावत नाही, हे खरं. पण २०२५ सरता सरता कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा मला उलटंच वाटलं. झाडाखाली उभं राहून घोषणा देणाऱ्याच्या हातात असा पर्यायी आराखडा असता, की एवढे मंडप एवढ्याच जागेत, एवढ्या खर्चात, एकही मोठं झाड न तोडता असे असे बसतात, तर त्याचा हात किती बळकट झाला असता! यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य आमच्या आयुष्यात फार लोकांनी फार वेळा ऐकवलं. आता ते पडताळून पाहता येतं.

आणि तरी चुन्याच्या रेघांचा शोक संपत नाही. त्याचं कारण मला आता नीट दिसू लागलं आहे. संगणक हजारो आराखडे गाळत जातो आणि शेवटी मूठभर उरतात. त्यांच्यातल्या कुठल्याही एकात ऊन वाढवायचं तर खर्च वाढतो, खर्च कमी करायचा तर झाड जातं. एकाचं नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचं भलं होत नाही, अशा जागी येऊन ठेपलेल्या पर्यायांना इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांचं नाव आहे. या ठिकाणी यंत्र थांबतं. आजीच्या खाटेवरचं ऊन महत्त्वाचं की फुटामागचे शंभर रुपये, हे त्याला सांगता येत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. पूर्वी हे फक्कीच्या रेघांवर उभं राहून, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर ठरे. ठरवणारे थोडे होते, अन्यायही होई, पण ज्यांना त्या घरात राहायचं ते तिथे हजर असत. ट्रेसिंग पेपरवरची शाईची रेघ ब्लेडने खरवडून बदलावी लागे, दोन-तीनदा खरवडली की कागद फाटे, म्हणून अमोनियाच्या वासाच्या प्रिंट निघायच्या आतच माणसं भांडून घेत. आता बदल फुकट आहे, रेघ कितीही वेळा पुसता येते, आणि ती पुसताना राहणारा माणूस तिथे नसतो. त्याला घराची माहिती होते तेव्हा माहितीपत्रक छापून झालेलं असतं. ऊन, खर्च आणि झाड यांतलं कशाला किती महत्त्व, ते एका बंद खोलीत कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

टोरांटोच्या कार्यालयात माणसांना आधी विचारता येतं, तर देवळालीतल्या घरासाठी का विचारता येऊ नये?

म्हणून इथे घर घेणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला माझी विनंती आहे. पसंत पडलेल्या एका आराखड्यावर समाधान मानू नका. शेवटच्या फेरीत मागे पडलेले दोन-चारही मागून घ्या, आणि ते कशामुळे मागे पडले ते विचारा. सगळ्यात कमी ऊन कुठल्या घराला मिळालं आणि ते कुणाला विकणार, हेही विचारा. उन्हाचे आकडे डिसेंबरचे वेगळे आणि मेचे वेगळे मागा. वर्षाची सरासरी घेऊ नका, ती इथे फसवते. आणि पाया खणायच्या आधी एक पिशवी फक्की न्या, पटलेला आराखडा जमिनीवर खऱ्या मापाने आखा आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही, त्या रेघांत उभं करा. हिवाळा असेल तर दुपारी साडेबाराला.